खलनायकाची जडणघडण : ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ या कादंबरीच्या आधारे

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :

• ‘खलनायकाची पूर्वकथा’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• विज्ञानकथा आणि अवकाश-अद्भुतिका यांतील फरक सांगता येईल.
• अनाकिन स्कायवॉकर या पात्राच्या अधःपाताचे टप्पे आणि त्यामागील कारणे विशद करता येतील.
• द्वितीयपुरुषी निवेदनाचा वाचकावर होणारा परिणाम सांगता येईल.
• एखाद्या कृत्याचे कारण आणि त्या कृत्याचे समर्थन यांत भेद करून पात्राचे परीक्षण करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, लहानपणी आपण ऐकलेल्या गोष्टींत राक्षस असे. परंतु तो राक्षस कसा झाला, हे गोष्ट सांगणारी आजी सांगत नसे. आपणही विचारत नसू. राक्षस हा राक्षसच, एवढे त्या गोष्टीला पुरेसे होते. मोठेपणी मात्र हा प्रश्न आपल्याला सुटत नाही. वर्तमानपत्रात एखाद्या क्रूर कृत्याची बातमी वाचली की आपण म्हणतो, “हा माणूस असा का झाला असेल?” या प्रश्नात कुतूहल असते, आणि थोडी भीतीही असते. कारण तो जन्मतः वेगळा नसेल, तर त्याच्यात आणि आपल्यात अंतर किती, हा पुढचा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

आधुनिक कादंबरीने हा प्रश्न आपला मानला आणि त्यातून ‘खलनायकाची पूर्वकथा’ हा कथाप्रकार रूढ झाला. परिचित खलपात्राचे बालपण, त्याची दुःखे, त्याने घेतलेले निर्णय आणि अखेरीस त्याचे झालेले रूपांतर यांचे चित्रण करणारी कथा म्हणजे खलनायकाची पूर्वकथा होय. प्रस्तुत घटकात आपण या प्रकाराचा अभ्यास मॅथ्यू स्टोव्हर या अमेरिकी लेखकाच्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ (२००५) या इंग्रजी कादंबरीच्या आधारे करणार आहोत. लोकप्रिय चित्रपटावरून लिहिलेली कादंबरी अभ्यासाला का घ्यावी, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. खलनायकाची पूर्वकथा लिहिताना लेखकासमोर जी मुख्य अडचण उभी राहते, ती या कादंबरीत अगदी स्पष्टपणे दिसते. ती अडचण अशी : खलनायकाचे दुःख समजावून सांगितले की वाचकाला त्याच्याविषयी सहानुभूती वाटू लागते, आणि सहानुभूती वाटली की त्याचा अपराध हलका वाटू लागतो. सहानुभूती तर जागी करावयाची, पण अपराध मात्र हलका होऊ द्यावयाचा नाही, हे कसे साधते, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. विषय-विवेचन

२.१ अवकाश-अद्भुतिका म्हणजे काय?

जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके आदी लेखकांमुळे विज्ञानकथा मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. विज्ञानकथेत एखादे वैज्ञानिक तत्त्व किंवा त्याची संभाव्य परिणती कथेच्या मुळाशी असते. ते तत्त्व काढून घेतले तर कथाच उरत नाही. अवकाश-अद्भुतिकेचे तसे नसते. तिच्यात अवकाशयाने, परग्रह, यंत्रमानव हे सर्व असते. पण कथेचा आत्मा परीकथेचा, पुराणकथेचा किंवा वीरकथेचा असतो. राजकन्या, योद्धे, गुरू, शिष्य, तलवारी, भविष्यसूचक स्वप्ने आणि गूढ शक्ती यांवर ती उभी असते.

जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेचे विश्व अशा प्रकारचे आहे. तेथील ‘जेडाय’ हे संन्यस्त योद्धे ‘फोर्स’ नावाच्या विश्वव्यापी शक्तीची उपासना करतात आणि प्रजासत्ताकाचे रक्षण करतात. ‘सिथ’ हे त्यांचे शत्रू. तेही याच शक्तीचा वापर करतात, पण क्रोध, भय आणि सत्तालालसा यांच्या वाटेने. या वाटेला ‘काळी बाजू’ असे म्हटले जाते. येथे विज्ञान नेपथ्यापुरतेच आहे. कथेचा विषय आहे मोह आणि पतन. म्हणून या कादंबरीचे परीक्षण करताना वैज्ञानिक शक्याशक्यतेची कसोटी न लावता शोकात्म साहित्याची कसोटी लावणे योग्य ठरते.

२.२ शेवट आधी, आरंभ नंतर

या मालिकेतील पहिला चित्रपट मे १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात काळे चिलखत आणि मुखवटा घातलेला, यंत्राच्या साहाय्याने श्वास घेणारा डार्थ व्हेडर हा खलनायक होता. त्याच्या अंतरंगात त्या चित्रपटाने फारसे डोकावून पाहिले नाही. तो गोष्टीतल्या राक्षसासारखा होता. १९८० च्या दुसऱ्या चित्रपटात हा व्हेडरच नायक ल्यूक याचा पिता असल्याचे उघड झाले. १९८३ च्या तिसऱ्या चित्रपटात पुत्राच्या करुणेमुळे व्हेडर मरणापूर्वी सन्मार्गावर परतला. त्यानंतर १९९९, २००२ आणि २००५ अशा तीन चित्रपटांतून त्याची पूर्वकथा सांगितली गेली. त्यांपैकी शेवटचा चित्रपट म्हणजे ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’. स्टोव्हर यांची कादंबरी लुकास यांच्या पटकथेवर आधारलेली असून ती चित्रपटाच्या प्रदर्शनापूर्वी काही आठवडे प्रकाशित झाली.

याचा अर्थ असा की, कादंबरी हाती घेण्यापूर्वीच वाचकाला तिचा शेवट ठाऊक असतो. अनाकिन हा उमदा तरुण योद्धाच पुढे व्हेडर होणार, हे रहस्य उरलेलेच नाही. लेखकाने ही गोष्ट लपवण्याचा प्रयत्न केलेला नाही. उलट, ही कथा केव्हाच घडून गेली आहे आणि आता तिच्यात काहीही बदल होणे शक्य नाही, असे निवेदक प्रारंभीच सांगून टाकतो. त्यामुळे ‘पुढे काय होणार?’ ही उत्कंठा बाजूला पडते आणि ‘हे कसे घडले? हे टळले असते का?’ हे प्रश्न पुढे येतात. महाभारत ऐकणाऱ्या श्रोत्याला युद्धाचा शेवट ठाऊक असतो. तरी शिष्टाईसाठी श्रीकृष्ण कौरवसभेत जातो तेव्हा ‘आता तरी दुर्योधनाने ऐकावे’ असे त्याला वाटतेच. ठाऊक असलेल्या शेवटाविरुद्ध मनात उठणारी ही आशा शोकात्म कथेचे मोठे बळ असते.

२.३ अनाकिनची पूर्वपीठिका

अनाकिनचा जन्म गुलामगिरीत झाला. टॅटूइन या वाळवंटी ग्रहावर तो आई श्मी हिच्यासह गुलाम म्हणून राहत होता. नवव्या वर्षी एका जेडाय गुरूने त्याला मुक्त करून सोबत नेले. आई मात्र मागेच राहिली. जेडाय पंथाच्या नियमानुसार शिष्याने ममत्वाचे बंध तोडावयाचे असतात. पुढे तरुण वयात त्याला आईच्या यातनांची स्वप्ने पडू लागली. तो तिच्या शोधात गेला, परंतु पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. आईने त्याच्या हातांतच प्राण सोडला. त्या दुःखाच्या भरात त्याने तिला पळवून नेणाऱ्या टोळीची संपूर्ण वस्ती, स्त्रिया आणि मुले यांसह, कापून काढली. ही घटना २००२ च्या चित्रपटात आली आहे. ती लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कारण प्रस्तुत कादंबरीच्या प्रारंभी अनाकिन पूर्णतः निष्कलंक नाही. त्याच्या हातून एक भयंकर कृत्य घडून गेले आहे.

याच काळात त्याने पाद्मे या लोकप्रतिनिधी स्त्रीशी गुप्तपणे विवाह केला. जेडायला विवाहाची परवानगी नसल्याने त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच त्याची सर्वांत मोठी चोरी ठरली. कादंबरीत पाद्मे गरोदर असते आणि बाळंतपणात तिचा मृत्यू होत असल्याची स्वप्ने अनाकिनला पडू लागतात. आईविषयीची स्वप्ने खरी ठरली होती. म्हणून तो या स्वप्नांना हसण्यावारी नेऊ शकत नाही. येथून पुढे त्याचे प्रत्येक कृत्य या भयाच्या छायेत घडते.

२.४ अधःपाताची तीन कारणे

कादंबरीत अनाकिनच्या पतनाची तीन प्रमुख कारणे दिसतात.

(अ) भय : अनाकिनचे मूळ वैगुण्य क्रोध नसून भय आहे. विद्यार्थिदशेत त्याने एक मृत तारा पाहिलेला असतो. तारेसुद्धा विझतात, या जाणिवेने त्याच्या मनात जे घर केले, तेच स्टोव्हर यांनी एका थंडगार अजगरासारख्या राक्षसी प्राण्याच्या प्रतिमेतून व्यक्त केले आहे. हा प्राणी त्याच्या अंतःकरणात वेटोळे घालून बसलेला असतो आणि सर्व काही नष्ट होणार, असे कुजबुजत असतो. रणांगणावर अनाकिन कोणालाही भीत नाही; प्रिय व्यक्ती गमावण्याची कल्पना मात्र तो सहन करू शकत नाही. प्रेम हा त्याचा सद्गुणच त्याच्या भयाचे निवासस्थान बनतो, ही या व्यक्तिरेखेतील शोकात्मता होय.

(आ) संस्थेचे अपयश : जेडाय मंडळ अनाकिनला सभासद करून घेते, पण ‘मास्टर’ हे पद त्याला नाकारते. चित्रपटात त्याचा संताप मुख्यतः मानभंगाचा वाटतो. कादंबरीने येथे एक महत्त्वाचा दुवा जोडला आहे : पंथाच्या ग्रंथसंग्रहातील काही गुप्त ज्ञान केवळ ‘मास्टर’ पदावरील व्यक्तींनाच खुले असते आणि पाद्मेला वाचवण्याचा उपाय तेथे सापडेल, अशी त्याला आशा असते. पद नाकारले जाते तेव्हा त्याच्या दृष्टीने पाद्मेचा जीवच नाकारला जातो; आणि हे तो कोणाला सांगू शकत नाही. त्यातच मंडळ त्याला राष्ट्रप्रमुख पाल्पटीन यांच्यावर हेरगिरी करण्यास सांगते. पाल्पटीन हे त्याचे वडीलधारे हितचिंतक. सत्य आणि निष्ठा शिकवणाऱ्या गुरुजनांनीच विश्वासघात करण्यास सांगावे, हा त्याच्या श्रद्धेवरील आघात ठरतो. योडा या ज्येष्ठ गुरूकडे तो सल्ला मागतो. परंतु स्वप्नात कोण दिसते, हे सांगत नाही. जे गमावण्याची भीती वाटते ते मनाने सोडून देण्यास शिक, असा उपदेश त्याला मिळतो. उपदेश चुकीचा नाही. पण बुडणाऱ्याला पाण्याचे तत्त्वज्ञान ऐकवून उपयोग होत नाही.

(इ) मोह घालणारा : पाल्पटीन हाच वास्तविक सिथ पंथाचा अधिपती आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो अनाकिनशी बोलताना फारसे खोटे बोलत नाही. मंडळ तुझ्यावर विश्वास ठेवत नाही, हे तो सांगतो, आणि ते खरेच असते. तुझ्या योग्यतेची कदर होत नाही, हेही बऱ्याच अंशी खरे असते. तो अनाकिनचे ऐकून घेतो. इतर कोणी ते करत नाही. मग एका रंगमंदिरात, सहज गप्पांच्या ओघात, तो मृत्यूवर विजय मिळवू शकणाऱ्या एका जुन्या सिथाची कथा सांगतो. भुकेल्याला अन्नाचा वास यावा तशी ती कथा अनाकिनपर्यंत पोहोचते. पुढे अनाकिन त्याला शरण गेल्यावर मात्र ही विद्या अद्याप हाती आलेली नाही, आपण दोघे मिळून ती शोधू, असे उत्तर मिळते. किंमत आधी चुकती झाली. माल दुकानात नव्हताच.

२.५ चार निर्णय

कारणे एवढी सबळ असताना अनाकिनला दोष देता येईल काय? कादंबरीचे उत्तर घटनांच्या मांडणीत आहे. त्याचे पतन एका क्षणात होत नाही. चार प्रसंगी त्याच्यासमोर दोन वाटा असतात, आणि चारही वेळा तो निवड करतो.

पहिला प्रसंग काउंट डूकूच्या वधाचा. शत्रुपक्षाचा हा नेता हात तुटून, निःशस्त्र होऊन त्याच्यासमोर गुडघ्यांवर असतो. बंदिवान असल्याचे भासवणारा पाल्पटीन त्याला ठार करण्यास सांगतो. हे योग्य नाही, हे अनाकिनला कळते, तरीही तो वध करतो. या प्रसंगी स्टोव्हर आपल्याला डूकूच्या मनातही नेतात : आपल्या स्वामीने आपला केवळ वापर केला, हे त्याला मृत्यूच्या क्षणी उमगते. आज डूकूच्या जागी जो आहे, त्याच जागी उद्या अनाकिन असणार, हे वाचकाला दिसते. अनाकिनला दिसत नाही.

दुसरा प्रसंग मेस विंडूचा. पाल्पटीनचे खरे रूप कळल्यावर अनाकिन प्रथम योग्य तेच करतो. तो मंडळातील ज्येष्ठ जेडाय विंडू याला वार्ता देतो. परंतु विंडू पाल्पटीनला मारण्याच्या बेतात असताना, पाल्पटीन मेला तर पाद्मेला वाचवणारी विद्याही जाईल, या विचाराने तो विंडूचा हात तोडतो. पाल्पटीन ती संधी साधून विंडूला ठार करतो. यानंतर अनाकिन गुडघे टेकतो आणि त्याला डार्थ व्हेडर हे नाव मिळते.

तिसरा प्रसंग जेडाय मंदिरातील संहाराचा. तेथे शिकणारी लहान मुलेही त्याच्या हातून मारली जातात. येथे आपल्याला कंसाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आकाशवाणी ऐकून मृत्यूच्या भयाने कंसाने देवकीची अपत्ये मारली. कंसाला स्वतःच्या मृत्यूचे भय होते, अनाकिनला प्रिय व्यक्तीच्या. परंतु भयाने दोघांनाही निष्पाप मुलांपर्यंत नेले. भयाचे कारण उदात्त असले म्हणून त्यातून घडणारे कृत्य उदात्त होत नाही, हे या साम्यावरून ध्यानात येते.

चौथा प्रसंग मुस्ताफार या ज्वालामुखींच्या ग्रहावरील. पाद्मे त्याला परत बोलावण्यासाठी येते. तिच्यामागोमाग ओबी-वान हा गुरू दिसताच तिने आपला विश्वासघात केला, असा संशय घेऊन अनाकिन आपल्या शक्तीने तिचाच गळा आवळतो. ज्या स्त्रीला वाचवण्यासाठी हे सारे केले, तिच्यावरच हा घाला होतो. गो. ब. देवल यांच्या ‘झुंझारराव’ या नाटकामुळे, म्हणजे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’च्या मराठी अवतारामुळे, संशयापोटी पत्नीचा घात करणारा वीर मराठी रसिकाला अपरिचित नाही. पुढे पाद्मे जुळ्या मुलांना जन्म देऊन मरण पावते. स्वप्न खरे ठरते. आणि ते टाळण्यासाठी केलेली धडपडच ते खरे ठरवण्यास कारणीभूत होते.

२.६ निवेदनतंत्र : ‘तू’ची योजना

या कादंबरीचे निवेदन सामान्यतः तृतीयपुरुषी आहे. परंतु काही निर्णायक क्षणी निवेदक वर्तमानकाळात आणि द्वितीयपुरुषात बोलू लागतो. या क्षणी अनाकिन असणे म्हणजे काय, हे सांगताना तो ‘त्याला असे वाटते’ असे म्हणत नाही. ‘तुला असे वाटते आहे’ असे म्हणतो. वाचक क्षणभर अनाकिनच्या कातडीत शिरतो. चित्रपटाला हे करणे कठीण असते. चित्रपट चेहरा दाखवतो; कादंबरी मन उघडते.

इंग्रजीतील द्वितीयपुरुषी सर्वनाम आदर आणि सलगी यांत भेद करत नाही. ही कादंबरी मराठीत आणावयाची झाल्यास अनुवादकाला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांपैकी एकाची निवड करावी लागेल. ‘तुम्ही’ म्हटले तर वाचकाला उद्देशून बोलल्यासारखे होईल आणि अंतर राहील. ‘तू’ म्हटले तर वेगळाच अर्थ निर्माण होईल. कारण मराठीत आपण आईला ‘तू’ म्हणतो, देवाला ‘तू’ म्हणतो, आणि एकांतात स्वतःला दूषण देतानाही ‘तू हे काय केलेस?’ असेच विचारतो. या कादंबरीतील संबोधनाला हा शेवटचा, आत्मसंवादाचा सूर अधिक जवळचा आहे.

या तंत्राचे महत्त्व अखेरच्या भागात प्रत्ययाला येते. ओबी-वानशी झालेल्या द्वंद्वात हात-पाय गमावलेला, अग्नीत होरपळलेला अनाकिन यंत्रमय चिलखतात जागा होतो आणि पाद्मेची चौकशी करतो. तूच तिला मारलेस, असे त्याला सांगण्यात येते. येथे निवेदन पुन्हा ‘तू’कडे वळते. व्हेडर नावाचा दुसरा कोणी आपल्यात शिरला आणि त्याने हे केले, अशी पळवाट त्याला उपलब्ध असते. अंतःकरणातील त्या राक्षसी प्राण्यावर दोष ढकलणेही शक्य असते. परंतु त्याला कळून चुकते की, असा कोणी दुसरा नव्हताच. जे केले ते आपणच केले. आणि ज्या वेळी तिचा विचार करावयाचा, त्या वेळी आपण स्वतःचाच विचार करत होतो. संपूर्ण कादंबरीभर जमवलेली सर्व कारणे या एका जाणिवेपुढे गळून पडतात. ती खोटी ठरत नाहीत, अपुरी ठरतात.

२.७ खलनायक, प्रतिनायक आणि शोकात्म नायक

भारतीय नाट्यशास्त्रपरंपरेत धनंजयाच्या ‘दशरूपका’ने प्रतिनायकाचे वर्णन केले आहे. लोभी, उद्धत, हट्टी, पापाचरणी आणि व्यसनी असा तो नायकाचा शत्रू होय. हे वर्णन प्रतिनायक ‘कसा असतो’ हे सांगते. तो ‘कसा होतो’ हे सांगत नाही. दुसरीकडे अॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या नायकाविषयी म्हटले आहे की, तो सर्वस्वी सज्जन नसावा आणि सर्वस्वी दुर्जनही नसावा. या दोहोंमधील, एखाद्या प्रमादामुळे संकटात सापडणारा असावा. दुर्जनाच्या नाशाने करुणा उत्पन्न होत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे.

खलनायकाची पूर्वकथा या दोन कल्पना एकत्र आणते. कथेच्या आरंभी पात्र अॅरिस्टॉटलच्या शोकात्म नायकासारखे असते. शेवटी ते धनंजयाच्या प्रतिनायकासारखे होते. अॅरिस्टॉटलने सांगितलेला अभिज्ञानाचा, म्हणजे अज्ञानातून ज्ञानाकडे येण्याचा क्षणही अनाकिनच्या कथेत आहे. मात्र तो क्षण त्याला मुक्त करत नाही. तो सत्य ओळखतो आणि तरीही अंधारातच राहतो.

मराठी वाचकाला येथे कर्णाची आठवण होईल. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाई यांची ‘राधेय’ (१९७३) या कादंबऱ्यांनी कौरवपक्षातील या वीराची वेदना मराठी मनापर्यंत पोहोचवली. कर्ण हा खलनायक नव्हे, हे खरेच. तरीही जन्मजात अवहेलना, योग्यतेचा नकार आणि नेमक्या वेळी मिळालेला सन्मान यांमुळे माणूस चुकीच्या पक्षाशी कसा बांधला जातो, याचे ते उदाहरण आहे. दुर्योधनाने कर्णाला दिलेले राज्य आणि पाल्पटीनने अनाकिनला दिलेली आपुलकी यांत साम्य आहे. फरक असा की दुर्योधनाची मैत्री खरी होती. कर्णावर लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकाला द्यूतसभेतील त्याच्या वर्तनाचे काय करावयाचे, या प्रश्नाला सामोरे जावे लागते. वेदना जेवढी खरी मांडावी, तेवढा तो प्रसंग समजावणे अवघड होते. पूर्वकथेची खरी कसोटी अशा प्रसंगी लागते.

२.८ कारण आणि समर्थन

आता आपण मध्यवर्ती प्रश्नाकडे परत येऊ. एखादे कृत्य का घडले, हे सांगणे म्हणजे त्याचे कारण देणे. ते योग्य होते किंवा क्षम्य होते, असे म्हणणे म्हणजे समर्थन करणे. या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दुर्बळ पूर्वकथा त्यांची गल्लत करते : बालपणी अन्याय झाला, म्हणून मोठेपणी केलेला अन्याय माफ, असा हिशेब ती मांडते. त्यात खलनायकाचा गौरव होत असल्याचे भासले तरी वस्तुतः त्याचा अपमानच होतो. कारण त्याला निवड करता येत होती, हे माणूसपण ती नाकारते.

प्रस्तुत कादंबरी कारणांबाबत उदार आणि समर्थनाबाबत कठोर आहे. अनाकिनसारखेच दुःख इतरांच्याही वाट्याला येते, पण त्यांची निवड वेगळी असते. ओबी-वानही सर्वस्व गमावतो : पंथ, सहकारी आणि भावासारखा शिष्य. तरीही तो त्या शिष्याच्या अपत्याच्या रक्षणासाठी वाळवंटात अज्ञातवास पत्करतो. दोघांची पात्रे समोरासमोर ठेवल्यामुळे दुःख माणसाला एकाच दिशेने ढकलत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रौढ विद्यार्थी म्हणून आपल्याला हा भेद केवळ परीक्षेपुरता उपयोगाचा नाही. घरात, कामाच्या ठिकाणी, समाजात आपल्याला माणसांविषयी मत बनवावे लागते. एखाद्याचे वागणे समजून घेतले की आपण त्याची बाजू घेतली, असे लोक मानतात. आणि एखाद्याला दोषी मानले की त्याला समजून घेण्याची गरज उरली नाही, असेही मानतात. चांगली पूर्वकथा या दोन्ही सवयींपासून वाचकाला दूर ठेवते. समजून घेणे आणि दोष देणे या दोन्ही गोष्टी एकाच मनाला एकाच वेळी करता येतात, याचा तो अभ्यास असतो.

३. आपली प्रगती तपासा

पुढील प्रश्नांची उत्तरे एक-दोन वाक्यांत लिहा. नंतर खाली दिलेल्या उत्तरांशी ती पडताळून पाहा.

१) अवकाश-अद्भुतिकेला वैज्ञानिक शक्याशक्यतेची कसोटी का लावू नये?
२) ‘मास्टर’ पदाच्या नकाराला कादंबरीने कोणते नवे कारण जोडले आहे?
३) अनाकिनचे मूळ वैगुण्य कोणते?

उत्तरे

१) तिच्यात विज्ञान नेपथ्यापुरते असते, कथेचा आत्मा पुराणकथेचा वा वीरकथेचा असतो.
२) त्या पदावरील व्यक्तींनाच खुल्या असलेल्या गुप्त ज्ञानातून पाद्मेला वाचवण्याचा उपाय सापडेल, ही त्याची आशा.
३) प्रिय व्यक्ती गमावण्याचे भय.

४. सारांश

खलनायकाची पूर्वकथा परिचित खलपात्राच्या घडणीचा शोध घेते. ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ या कादंबरीत शेवट आधीच ठाऊक असल्याने वाचकाचे लक्ष घटनांच्या कारणांकडे वळते. अनाकिनचे भय, जेडाय मंडळाचे अपयश आणि पाल्पटीनने दाखवलेला मोह ही त्याच्या पतनाची तीन कारणे होत. तथापि चार प्रसंगी तो स्वतः निवड करतो आणि अखेरीस ती निवड आपलीच होती, हे त्याला कळते. द्वितीयपुरुषी निवेदनामुळे वाचक त्याच्या वेदनेत आणि त्याच्या अपराधातही सहभागी होतो. खलनायकाचे दुःख खरे मानूनही त्याची जबाबदारी त्याच्याकडेच ठेवणे, हे यशस्वी पूर्वकथेचे लक्षण होय.

५. पारिभाषिक शब्द

पूर्वकथा : मूळ कथेच्या आधी घडलेल्या घटना सांगणारी, पण तिच्यानंतर लिहिलेली कथा.
प्रतिनायक : नायकाच्या विरोधात उभे असलेले प्रमुख पात्र.
प्रमाद : शोकात्म नायकाच्या पतनास कारण होणारी त्याची चूक.
अभिज्ञान : पात्राला स्वतःविषयी किंवा परिस्थितीविषयी सत्य उमगण्याचा क्षण.
द्वितीयपुरुषी निवेदन : पात्राला किंवा वाचकाला ‘तू’ अथवा ‘तुम्ही’ असे संबोधून केलेले निवेदन.

६. स्वाध्याय

१) ‘अनाकिनचे प्रेमच त्याच्या पतनाचे कारण ठरले’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा.
२) अनाकिन आणि कंस यांच्या भयातील साम्य आणि भेद स्पष्ट करा.
३) आपण वाचलेल्या एखाद्या मराठी कादंबरीतील किंवा नाटकातील खलपात्र निवडा. त्याची पूर्वकथा सुमारे ३०० शब्दांत लिहा. लेखन पूर्ण झाल्यावर स्वतःला विचारा : मी या पात्राच्या कृत्याचे कारण दिले आहे, की समर्थन केले आहे? आपले उत्तर चार ओळींत लेखनाखाली नोंदवा आणि संपर्कसत्रात सहाध्यायींशी त्यावर चर्चा करा.